ताप नव्हता, तरी सेप्सिस होता

काही वर्षांपूर्वीचा मे महिना. नागपुरात पारा 45 च्या वर गेला होता आणि काटोलकडचे माझे काकाजी आमच्या मानेवाड्याच्या घरी मुक्कामाला होते. वय 72, संत्र्याची बाग अजून स्वतः बघणारे, शुगरचा जुना त्रास. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दिवाणावर नुसते बसून राहिले. चहा पुढे केला तर हात लावला नाही. माझ्याकडे बघून त्यांनी माझ्या गेलेल्या आत्याचं नाव घेतलं आणि म्हणाले, "मले नको, तूच घे."

काकू म्हणाली, ऊन लागलं. आम्हालाही तेच वाटलं. मे महिन्यात नागपुरात माणूस गळून गेला की दुसरं काही सुचतच नाही. कैरीचं पन्हं केलं, कांदा ठेचून तळपायांना चोळला. थर्मामीटर लावलं, 97.4. ताप नाही म्हटल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथंही उन्हाचंच निदान झालं आणि सलाईनची एक बाटली चढवून आम्हाला घरी पाठवलं. दीड दिवस असा गेला. मग रात्री त्यांची छाती भात्यासारखी चालायला लागली, तेव्हा आम्ही धावलो. आयसीयूत घेतलं तेव्हा वरचं बीपी 84 होतं. लघवीच्या मार्गात सुरू झालेला संसर्ग आता सगळ्या शरीराला भोवला होता. डॉक्टरांनी शब्द वापरला: सेप्सिस.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पांढऱ्या पेशी, प्रतिपिंडं, थायमस ग्रंथी हे सगळं दरवर्षी फळ्यावर काढते. काकाजी बरे होऊन घरी गेल्यावरही 'ताप नाही' हे आमचंच वाक्य मला झोपू देईना. इतका मोठा संसर्ग आणि अंग थंड, हे कसं? त्याचं उत्तर शोधताना दोन गोष्टींपाशी पोचले. एक, आईवडलांकडून आलेली जनुकं. दुसरी, रोगप्रतिकारशक्तीचं म्हातारपण. दोन्ही आपल्या विदर्भाशी फार जवळून जोडलेल्या आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

'सेप्टिक होणं' हा शब्द आपल्या बोलण्यात आहे. खिळा लागला, जखम चिघळली, 'सेप्टिक झालं'. त्यामुळे सेप्सिस म्हणजे जंतू रक्तात शिरून अंगभर पसरले, असं बहुतेकांना वाटतं. पुष्कळदा जंतू रक्तात असतातही, पण अनेक रुग्णांच्या ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ते सापडतच नाहीत. 2016 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी जी व्याख्या ठरवली तिचा गाभा वेगळा आहे. संसर्गाला शरीर जे उत्तर देतं त्याचा ताळ सुटतो, आणि त्यापायी स्वतःचेच अवयव बंद पडायला लागून जिवावर बेततं.

बोटात काटा रुतल्यावर काय होतं ते आठवा. बोट लाल होतं, सुजतं, गरम लागतं. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मुद्दाम सैल होतात, कारण पांढऱ्या पेशींना बाहेर पडायला वाट हवी असते. जंतू पुढे सरकू नयेत म्हणून छोट्या गुठळ्या होतात. बोटापुरतं हे सगळं शहाणपणाचंच आहे. तेच एका वेळी सगळ्या अंगात सुरू झालं की अनर्थ. सगळीकडच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, म्हणून बीपी खाली येतं. त्यांतून पाणी झिरपून फुप्फुसात साचतं, म्हणून धाप लागते. मूत्रपिंडाला रक्त पुरत नाही, म्हणून लघवी कमी होते. मेंदूची घडी विस्कटते, म्हणून समोर बसलेल्या पुतणीला गेलेल्या बहिणीचं नाव मिळतं. त्या सकाळी काकाजींचं निदान त्या एका हाकेत होतं, आम्हाला ते वाचता आलं नाही.

हा आजार दुर्मिळ नाही. 2017 या एका वर्षात जगात सेप्सिसचे सुमारे 4 कोटी 89 लाख रुग्ण झाले आणि 1 कोटी 10 लाख माणसं दगावली, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले सुमारे 29 लाख मृत्यू भारतातले. तरी आपल्याकडे मृत्यूचं कारण सांगताना लोक न्यूमोनिया म्हणतात, किडनी फेल झाली म्हणतात, 'मल्टिऑर्गन' म्हणतात. सेप्सिस हे नाव घरापर्यंत पोचतच नाही.

एकाच वॉर्डात, एकाच जंतूनं आजारी पडलेले दोघे. एक चौथ्या दिवशी जेवायला लागतो, दुसरा व्हेंटिलेटरवर जातो. असं का? उपचाराला लागलेला उशीर, शुगर, पोषण ही कारणं आहेतच. पण त्याखाली रक्ताच्या नात्यातलंही काही असतं, याचा मोठा पुरावा डेन्मार्कमधून आला. तिथल्या दत्तक मुलांची नोंद चोख ठेवलेली होती. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 960 कुटुंबं पाहिली होती. जन्मदात्या आईचा किंवा वडिलांचा पन्नाशीआधी संसर्गानं मृत्यू झाला असेल, तर दुसऱ्या घरात वाढलेल्या त्यांच्या मुलालाही संसर्गानं लवकर मरण येण्याचा धोका साडेपाच पटींहून जास्त निघाला. वाढवणाऱ्या आईवडिलांपैकी कुणी संसर्गानं गेलं असेल, तर मुलाच्या धोक्यात तशी वाढ दिसली नाही.

हे वाचताना मला काकाजींची बाग आठवली. बागेतलं प्रत्येक झाड दत्तक गेलेलं लेकरूच असतं. खुंट जंबेरीचा, त्यावर डोळा संत्र्याचा. मुळं जंबेरीची, जमिनीतून पाणी ओढणारी जंबेरी, आणि फळ मात्र संत्र्याचंच. पण बागायतदाराला दुसरी गोष्टही ठाऊक असते. डिंक्या रोगापुढे झाड किती टिकेल, हे खुंटावर आणि पाणी कसं दिलं त्यावरही ठरतं. वारसा आणि वाढ यांचं माणसातलं नातंही असंच गुंतलेलं आहे.

मग ही जनुकं करतात तरी काय? एक उदाहरण जरा खोलात बघू. आपल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर टीएलआर-4 नावाचं एक प्रथिन असतं. लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणाऱ्या ई. कोलायसारख्या जंतूंच्या कवचात एंडोटॉक्सिन नावाचं विष असतं, ते ओळखण्याचं काम याचं. ओळख पटली की पेशी धोक्याचे निरोप सोडते. या रासायनिक निरोपांना सायटोकाइन म्हणतात. उंदरांची एक जात अशी होती की कितीही एंडोटॉक्सिन टोचलं तरी त्यांना काही होत नसे. 1998 मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्या गटानं कारण शोधलं: त्या उंदरांच्या टीएलआर-4 च्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं होतं. 2011 च्या वैद्यकातल्या नोबेलमध्ये ब्यूटलर यांचा वाटा या कामासाठी आहे. मला यातला पुढचा भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो. एंडोटॉक्सिन पचवणारे हे उंदीर जिवंत साल्मोनेला जंतूंपुढे मात्र पटकन मरत. ज्या बधिरपणानं त्यांना सेप्सिसच्या वादळातून वाचवलं, त्याच बधिरपणानं खऱ्या जंतूला दार उघडं ठेवलं. म्हणून अमुक जनुक 'चांगलं' आणि तमुक 'वाईट' असा हिशेब इथं लागत नाही.

माणसांमध्येही टीएलआर-4, टीएनएफ (हेही एक सायटोकाइन) अशा कितीतरी जनुकांतले छोटे फरक तपासले गेले. एका अभ्यासात संबंध दिसायचा, पुढच्यात विरून जायचा. याचं एक कारण असं की सेप्सिस हा एक आजार नाहीच. न्यूमोनियातून आलेला, आतडं फुटून आलेला, बाळंतपणातून आलेला, स्क्रब टायफसमधून आलेला, या सगळ्यांना आपण एकच नाव देतो. दुसरं कारण, बहुतेक जनुकांचा वाटा चिमूटभर असतो. शेकडो चिमटी मिळून चव ठरते. त्यामुळे रक्ताचा किंवा थुंकीचा नमुना घेऊन 'तुमचा सेप्सिसचा धोका सांगतो' असं कुणी पॅकेज विकत असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की ते पैसे वाचवावेत.

याला एक ठळक अपवाद आहे आणि तो आपल्या दारातच आहे. सिकलसेल, तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच तो बदल. आईवडील दोघांकडून आला तर रुग्ण, म्हणजे आपल्याकडे बोलताना म्हणतात तसं 'एसएस'. एकाकडूनच आला तर वाहक, 'एएस'. वाहकाला मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखात हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात ते आदिवासी समाजांत आहे, इतर अनेक समाजांतही आहे. मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांची नोंद नागपुरातल्या डॉक्टरांनी 1958 मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती.

आता याचा सेप्सिसशी संबंध. कोयत्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पोटात डावीकडे असलेल्या प्लीहेतल्या (स्प्लीन) बारीक वाटा पुन्हा पुन्हा बुजवतात आणि प्लीहा हळूहळू निकामी होते. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकससारख्या जंतूंच्या भोवती गुळगुळीत आवरण असतं, ते पांढऱ्या पेशींच्या हाती सहज लागत नाहीत. त्यांना रक्तातून गाळून काढण्यात प्लीहेचा मोठा हात असतो. ती नसेल तर सकाळी किरकिर करणारं मूल रात्रीपर्यंत शॉकमध्ये जाऊ शकतं, म्हणजे त्याचं बीपी कोसळू शकतं. आपल्याकडच्या अनेक सिकलसेलच्या मुलांची प्लीहा मोठी लागते, हाताला जाणवते. घरच्यांना वाटतं, आहे म्हणजे काम करत असेल. आकारानं मोठी असली तरी ती गाळण्याचं काम करतेच असं नाही.

या एका जनुकाबाबत विज्ञान अजिबात हतबल नाही. 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत सिकलसेलच्या लहान मुलांना रोज दोन वेळा पेनिसिलिनची गोळी दिली, तर न्यूमोकॉकसचे गंभीर संसर्ग 84 टक्क्यांनी घटले. गोळी महाग नाही. तिच्यासोबत न्यूमोकॉकसची लस आहे. आणि एक नियम आहे जो एसएस मुलाच्या प्रत्येक आईला पाठ असायला हवा: 101 च्या वर ताप गेला की घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही, तडक दवाखाना. 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी त्यात होते. माझ्या वर्गातली मुलं लग्नाच्या वयाला येतील तेव्हा पत्रिकेबरोबर हा रिपोर्टही बघतील, अशी माझी खरीखुरी इच्छा आहे.

काकाजींना सिकलसेल नव्हता. त्यांच्या बाबतीत पारडं झुकलं ते वयाकडे.

छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूला थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशी हाडांच्या मगजात जन्मतात आणि शिकायला इथं येतात. आपलं कोण, परकं कोण, हा धडा. जी पेशी आपल्याच अंगावर उठते तिला इथंच संपवलं जातं. शिकून बाहेर पडलेली प्रत्येक पेशी एखादा वेगळाच जंतू ओळखायला तयार असते, तिला तो आयुष्यात कधी भेटेल न भेटेल. या शाळेची पटसंख्या बालपणात भरलेली असते. तारुण्यापासून ती झपाट्यानं उतरते आणि साठी-सत्तरीत शाळेच्या जागी बरीचशी चरबी उरते. खेड्यातल्या शाळांचा पट घसरताना आपण पाहतोच. इमारत उभी असते, घंटाही होते, पण पहिलीच्या वर्गात नवं कुणी येत नाही. म्हातारपणी टी पेशींचं तसंच होतं. जुने, अनुभवी विद्यार्थी पुष्कळ, नवे थोडे. म्हणून लहानपणी भेटलेल्या जंतूंशी सत्तरीचं शरीर नीट लढतं आणि नव्यापुढे अडखळतं.

जुन्यांमध्येही जागा सारखी वाटलेली नसते. सायटोमेगॅलो नावाचा एक विषाणू आपल्याकडे बहुतेक प्रौढांच्या शरीरात गुपचूप मुक्काम ठोकून असतो. त्याला आयुष्यभर दाबून धरण्यात टी पेशींची मोठी फौज अडकून पडते. वय वाढतं तसा तिचा वाटा फुगत जातो.

दुसरा बदल उलट्या दिशेचा आहे. वय झालेल्या शरीरात दाह, म्हणजे काटा रुतलेल्या बोटात दिसली ती लाली-सूज आणणारी प्रक्रिया, पूर्ण विझत नाही. राखेखाली विस्तव असावा तसा तो धुमसत राहतो: थकलेल्या पेशी, पोटावरची चरबी, हिरड्यांचे जुने आजार, शुगर, सगळे त्यात थोडी थोडी फुंकर घालतात. इटलीचे क्लाउडिओ फ्रांचेस्की यांनी 2000 मध्ये याला 'इन्फ्लमेजिंग' असं नाव दिलं. म्हातारी प्रतिकारशक्ती म्हणजे नुसती कमजोर प्रतिकारशक्ती, असं समजलं की इथं फसायला होतं. ती पेटायला उशीर लावते आणि पेटल्यावर वेळेवर विझत नाही. सेप्सिसमध्ये माणूस मारायला नेमक्या या दोन खोडी पुरेशा असतात.

आता 97.4 चं कोडं. ताप जंतू आणत नाही, ताप शरीर आणतं. पांढऱ्या पेशींचे निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत जातात, तिथं प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि शरीराच्या उष्णतेचा काटा वर सरकतो. मग हुडहुडी भरते, कातडीकडचं रक्त आत वळतं, अंग तापतं. वय झालं की निरोप क्षीण असतात, कापून उष्णता निर्माण करणारे स्नायू उतरलेले असतात आणि मुळातलं तापमानच खाली असतं. गंभीर संसर्ग झालेल्या वृद्धांपैकी सुमारे 20 ते 30 टक्क्यांना ताप येत नाही किंवा नावाला येतो. काकाजींचं नेहमीचं तापमान 96 च्या आसपास असतं, हे आम्हाला पुढे कळलं. म्हणजे त्या दिवशीचं 97.4 हेही त्यांच्यापुरतं चढलेलंच होतं.

जनुकं आणि म्हातारपण हे दोन वेगळे धागे म्हणून मी सांगितले, पण ते एकमेकांत विणलेले आहेत. 2015 मध्ये 210 जुळ्या व्यक्तींच्या रक्ताचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वयं 8 ते 82. प्रतिकारशक्तीच्या दोनशेवर मोजमापांपैकी 77 टक्क्यांमध्ये वारशापेक्षा आयुष्यात घडलेल्या गोष्टींचा वाटा जास्त होता. लहान वयाच्या जुळ्यांची प्रतिकारशक्ती एकमेकींशी पुष्कळ जुळायची, वयस्क जुळ्यांची फारकत झालेली असायची. एकाला सायटोमेगॅलो झालेला आणि दुसऱ्याला नाही, एवढ्या फरकानंही अर्ध्याहून अधिक मोजमापं बदललेली होती. जन्माच्या वेळी हातात सारखीच पुंजी, पण खर्च वेगवेगळा.

शिवाय जनुकं जन्मभर जशीच्या तशी राहत नाहीत. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी आयुष्यभर विभागत असतात आणि नक्कल करताना चुका होतात. डीएनएमटी3ए, टेट2 अशा काही जनुकांतली चूक त्या पेशीला फायद्याची ठरते, तिची पिलावळ वाढत जाते. सत्तरी ओलांडलेल्या लोकांपैकी दहा टक्क्यांहून अधिकांच्या रक्तात अशी वेगळी पिलावळ सापडते. कॅन्सर नसतो, त्रासही नसतो, पण टेट2 बिघडलेल्या पेशी दाहाचे निरोप जरा जास्तच सोडतात. हे बदल आजोबांकडून आलेले नाहीत आणि नातवाकडे जाणारही नाहीत. तरीही ते जनुकीयच.

आयसीयूतल्या डॉक्टरांनी मला एक गोष्ट दाखवली, ती मी विसरणार नाही. पहिल्या दिवशीच्या सीबीसी रिपोर्टवर पांढऱ्या पेशी 17,800. सगळे नातेवाईक हाच आकडा बघतात. डॉक्टरांनी पेनानं खालच्या एका ओळीखाली रेघ मारली: लिम्फोसाइट 4 टक्के. टी पेशी ज्यांत मोडतात त्या या पांढऱ्या पेशी. म्हणजे जेमतेम सातशे, जिथं हजाराच्या वर हव्यात. नवव्या दिवशी पांढऱ्या पेशी 9,200 वर आल्या. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो, काकूनं हात जोडले. डॉक्टर त्याच ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही अजून 7 टक्केच आहे मॅडम. आग विझली, पण घरात राखणदार उरले नाहीत. आता दुसरा संसर्ग सांभाळायचा."

सेप्सिसमध्ये हे घडतं. एकीकडे दाहाचं वादळ आणि त्याच वेळी लिम्फोसाइट पेशी झुंडीनं स्वतःहून मरत असतात. उरलेल्यांवर पीडी-1 नावाचं प्रथिन वाढतं, ते जणू त्यांचे हात धरून ठेवतं. त्या थकलेल्या असतात, जंतू दिसला तरी उठत नाहीत. मोनोसाइट पेशी जंतूचा तुकडा इतरांना दाखवण्याचं काम टाळायला लागतात. पेशींच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणाही बदलतात, म्हणजे जनुकाची अक्षरं तीच, पण कुठलं पान उघडायचं ते बदललेलं. हे सगळं एकत्र ठेवलं तर ते म्हाताऱ्या प्रतिकारशक्तीच्या वर्णनाशी फार मिळतंजुळतं दिसतं. वीस-पंचवीस वर्षांत हळूहळू होणारी झीज सेप्सिस काही दिवसांत घडवतो, असं अनेक संशोधकांना वाटतं, आणि तरुण रुग्णांमध्येही तिच्या खुणा दिसतात. आज सेप्सिस आणि म्हातारपण या दोन्हींत एकाच वेळी हलणारी जनुकं कोणती, याचा शोध रक्ताच्या नमुन्यांतून चालू आहे तो यासाठीच. रुग्ण आत्ता वादळात आहे की राखणदार गमावून बसला आहे, हे एका तपासणीत कळलं तर उपचार उलटसुलट देण्याची चूक टळेल.

ही चूक पूर्वी झालेली आहे. दाह म्हणजेच शत्रू असं धरून टीएनएफला अडवणारी औषधं सेप्सिसमध्ये देऊन पाहिली, अपेक्षेइतकं कुणी वाचलं नाही. ॲक्टिव्हेटेड प्रोटीन-सी हे महागडं औषध 2001 मध्ये गाजत बाजारात आलं आणि 2011 मध्ये परत घेतलं गेलं. आता विचार उलट दिशेनंही चालू आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 27 रुग्णांच्या छोट्या चाचणीत इंटरल्यूकिन-7 हे सायटोकाइन देऊन लिम्फोसाइट तीन-चार पट वाढले. माणसं जास्त वाचतात का, हे इतक्या लहान चाचणीतून ठरत नाही. नेहमीच्या उपचारात हे औषध अजून नाही.

काकाजी अकराव्या दिवशी आयसीयूतून बाहेर आले. दिवाळीच्या आसपास त्यांच्या बरगडीवर नागीण उठली. गावात अजून म्हणतात, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो. काकू रोज कंदील धरावा तसा मोबाइलचा उजेड धरून बघायची, कुठपर्यंत आली. मी तिला समजावलं की ही नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी पन्नास-साठ वर्षं झोपलेला असतो. टी पेशी त्याच्यावर पहारा देतात, पहारा ढिला पडला की तो त्या मज्जातंतूच्या पट्ट्यापुरता उठतो. कंबरेला पूर्ण वेढा पडत नाही कारण तो मज्जातंतू एकाच बाजूचा असतो. त्या पुरळात मला मे महिन्यातली ती रेघ मारलेली ओळ दिसत होती.

म्हाताऱ्यांचं जसं, तसं नवजात बाळांचंही. त्यांची प्रतिकारशक्ती अजून कोवळी असते आणि त्यांचाही सेप्सिस मुकाच असतो: बाळ दूध ओढत नाही, रडणं मंद होतं, अंग थंड पडतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांतल्या आरोग्यदूत बायांना हीच लक्षणं ओळखायला आणि घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. 1999 मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. सेप्सिस झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आलं होतं. जनुकाची तपासणी नाही, व्हेंटिलेटर नाही. लवकर ओळखणं आणि लवकर अँटिबायोटिक.

मोठ्यांनाही तोच नियम लागू आहे. सेप्टिक शॉक असेल तर पहिलं अँटिबायोटिक तासाभरात गेलं पाहिजे, असं आजचं मार्गदर्शन सांगतं. घरच्यांच्या हातात ओळखणं आहे. वयस्क माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागला, मिनिटाला 22 किंवा त्याहून जास्त वेळा श्वास घ्यायला लागला, वरचं बीपी 100 किंवा त्याखाली आलं, लघवी कमी झाली, हातपाय गार आणि चट्टेरी दिसायला लागले, यांतली एक-दोन लक्षणं दिसली तरी थर्मामीटर काय म्हणतं याला महत्त्व देऊ नका. दवाखान्यात गेल्यावर "सेप्सिस असू शकतो का?" हे तोंडानं विचारा. विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही. मे महिन्यात तर नक्की विचारा. उष्माघातातही माणूस बरळतो हे खरं, पण दोन्हींत जिवाला धोका आहे आणि दोन्ही सलाईनच्या एका बाटलीनं घरी पाठवण्यासारखे आजार नाहीत. आणि धोका होण्याआधीची गोष्ट म्हणजे न्यूमोकॉकस आणि फ्लूची लस, शुगर ताब्यात, पायाच्या भेगा आणि दातांची काळजी. नागिणीचीही लस मिळते, काकाजींच्या बाबतीत आम्हाला ती उशिरा कळली.

काटोलच्या घरी स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर पूर्वी दुधाचा आणि सिलिंडरचा हिशेब असे. आता काकू दर रविवारी सकाळी चहाच्या आधी काकाजींचं तापमान आणि बीपी बघते आणि त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिते. 96.2. 96.4. 96.1. काकाजी बागेतून ओरडतात, "झालं का वो तुमचं?" ती उत्तर देत नाही, आकडा लिहून झाल्यावर पेन खिळ्याला अडकवते.